आधी दगड

गाडी थांबली की दादा इंजिन बंद करीत, गिअर तसाच ठेवीत, सावकाश उतरत आणि पुढच्या चाकाखाली पाचरीसारखा एक काळा दगड सरकवीत. मग टाचेने त्याला हलकासा दणका देत. मागच्या दारापाशी कोणी खोळंबलेले असो, पाऊस लागलेला असो की खिशातला फोन वाजत असो, त्यांचे उत्तर ठरलेले असे. "आदी दगड, मंग बाकीचं."

तुम्ही कधी मोखाड्याच्या बाजाराला आला असाल, तर प्रवासी जीपा उतारावर नाक खाली करून उभ्या असलेल्या तुमच्या नजरेस पडल्या असतील. ती शिस्त नव्हे, गरज आहे. बहुतेकींचा सेल्फ, म्हणजे किल्लीने इंजिन फिरवणारा स्टार्टर, कधीच निकामी झालेला असतो. उतारावरून सोडायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. गाडी आपोआप जागी होते. दादांनी आयुष्यभर अशीच जीप चालवली आणि गुडघे बोलू लागल्यावर ती सोडली. मी त्यांचा शेजारी. ग्रामसेवक म्हणून या तालुक्यात आलो आणि इथेच पन्नाशी ओलांडली. ते मला भाऊसाहेब म्हणत.

त्यांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या वहिनींची, मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा डायलिसिससाठी त्यांचा नंबर नाशिकला लागला. सुरुवातीला दोघे प्रवासी जीपने जात. पण जीप माणसे भरल्याशिवाय हलत नाही, आणि मशीनवरून उठलेल्या माणसाला चौघांत दाटीने बसवत नाही. परतीच्या वाटेवर वहिनी अनोळखी माणसांच्या खांद्यावर मान टाकीत आणि शुद्धीवर आल्या की त्यांची क्षमा मागत. ती क्षमा दादांना सोसवेना.

एका सकाळी ते दारात आले. "भाऊसाहेब, जव्हारला एक जुनी अँबॅसिडर हाये. बघाया चला. तुमच्याकडं फियाट होती ना."

माझी फियाट बहुतेक काळ गॅरेजातच राहिली होती. तरी तेवढ्याने मी जाणकार ठरलो होतो.

जव्हारच्या एका उतरत्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली ती उभी होती. दुधाळ रंग, टपावर कोंबड्यांची विष्ठा, पुढच्या चाकाखाली वीट. मी माझ्या परीने कसून तपासणी केली. पायाखालचे रबर उचलून तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला, तर खालची माती दिसली. तेलाच्या झाकणाच्या आत पांढरट फेस होता. तेलात पाणी उतरत असणार. स्टिअरिंग बरेच फिरवावे तेव्हा चाकांना त्याची वार्ता लागे. मी वाकून वाकून एकेक दोष सांगत होतो आणि मागून हुंकार येत नव्हता. वळून पाहिले तर दादा चपला बाहेर काढून मागच्या सीटवर झोपले होते. गुडघे थोडे दुमडलेले, हात छातीवर, डोळे मिटलेले.

मालक हसला. "झोपायला घेताय का काय गाडी?"

"हो," दादा डोळे न उघडता म्हणाले. "मी नाय, बायको झोपणार."

मालक टपावरची विष्ठा फडक्याने पुसू लागला.

"दादा, ही दमलेली गाडी आहे," मी हळूच म्हणालो. "एखादी अलीकडची लहान गाडी पाहू या."

"तिच्यात बसता येतं, भाऊसाहेब. आडवं होता येत नाय." ते उठून बसले. "लांबी पुरती. ती माझ्याहून बुटकी हाये."

मालकाने वीट काढली, गाडी गल्लीतून घरंगळली आणि खोकून सुरू झाली. दादांनी समाधानाने मान हलवली आणि सौदा ठरवला. ती उतारावरून सुरू झाली, यात आम्हा दोघांनाही काहीच खटकले नाही. इतकी वर्षे या डोंगरात काढल्यावर मलाही ती गाडी सुरू करण्याची रीतच वाटू लागली होती.

चूक नाशिकला कळली. गॅस्केट बदलले होते, तळाला नवा पत्रा मारला होता, स्टिअरिंगच्या किंगपिनला ग्रीस भरले होते. दादा वहिनींना घेऊन थाटात गेले आणि रुग्णालयाच्या गुळगुळीत, सपाट आवारात गाडी लावली. परत निघताना किल्ली फिरवली, तर आत नुसते टक्. वहिनी मागे आडव्या, आणि दादा रुग्णांच्या नातेवाइकांना हात जोडत धक्का मागत फिरत होते.

नंतर सेल्फ दुरुस्त करून पाहिला. तो काही फेऱ्या चालला, पुन्हा बसला. मग दादांनी नाशिकात उतार शोधायला सुरुवात केली. रिक्षावाल्यांना विचारीत, पानवाल्याला विचारीत, "इथं उतार कुठं हाये?" लोक त्यांना पत्ता चुकलेला म्हातारा समजत. अखेर रुग्णालयाच्या बाजूला, स्ट्रेचर चढवायच्या रस्त्यालगत, त्यांना हवा तेवढा उतार सापडला आणि तिथला वॉचमन आडवा आला.

"चाचा, गाडी हटाव. इथे लावायची नाही."

"हटवतो. दुसरीकडं उतार दाखवा, साहेब."

"उतार कशाला पाहिजे?"

दादांनी बॉनेट उघडून त्याला निकामी सेल्फ दाखवला, मागचे दार उघडून वहिनींना दाखवले, आणि चाकाखालचा दगडही दाखवला. पुढच्या फेरीला मी बरोबर होतो. तोच वॉचमन एका चकचकीत गाडीवाल्याला हात करून सांगत होता, "इथे नको, अँबॅसिडरवाले काका येतील."

दर सकाळी दादांची तपासणी चाले. आधी दगड पाहायचा. मग बॉनेट उघडून तेलाची पट्टी, फॅनबेल्ट, बॅटरीचे पाणी. ठिणगीचे पॉइंट सँडपेपरने घासायचे. शेवटी रेडिएटर. ती गाडी पाणी फार पिई. वहिनी ओट्यावर भिंतीला टेकून पाहत असत. त्यांना दिवसाला मोजके पाणी होते, त्याहून जास्त शरीर बाहेर टाकू शकत नव्हते.

"बघा भावजी," त्या एकदा मला म्हणाल्या, "गाडीला बादली, मला वाटी."

दादांनी वर पाहिले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना नरसाळ्यात फडके घालून पाणी ओतताना पाहू लागलो. कचरा गाळत असावेत, असे मला वाटले. बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की पाणी फडक्यावरून, नरसाळ्याच्या कडेने, अगदी धारेशिवाय उतरत होते. त्याचा आवाज ओट्यापर्यंत जात नव्हता.

नाशिकच्या वाटेवरचा तोरंगणचा घाट त्या गाडीला आणि त्या माणसाला दर फेरीला नव्याने भोगावा लागे. उन्हात बॉनेटखालचा पेट्रोल पंप तापला की इंजिन मध्येच दम सोडी. दादा दगड लावीत, ओले फडके पंपावर गुंडाळून ठेवीत आणि वाट पाहत. शेजारून जाणाऱ्या जीपांतून ओळखीचे ड्रायव्हर ओरडत.

"दादा, बैल जुंपू का?"

"जुंप. पण तुझा नको, तो बी धक्क्यावर चालतो."

ते हसत आणि वळून मागच्या काचेतून आत पाहत. मग त्यांचे हसू कुठेतरी निघून जाई. एकदा ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, गाडीचं काय, एक बिघडलं की एक बदलता येतं. मी रोज तिच्याकडं बघतो आन् हिच्याकडं बघतो." कोण 'ती' आणि कोण 'ही', हे त्यांनी सांगितले नाही.

पुढे पुढे त्यांची देखभाल वेडसर होऊ लागली. नीट चालणारा भागही ते उघडून पाहत. खडखड कुठून येते म्हणून दारे काढून लावली. जुन्या सीटमधील काथ्या उपसून कापूस भरला, कारण खड्ड्यात वहिनींची पाठ आदळे. डॉक्टरांनी रक्तदाब टिकत नाही असे सांगितले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चारही चाकांचे ब्रेक सोडून साफ केले. एका जागी हात लावता येत नाही, तेव्हा माणूस दुसऱ्या जागी किती हात लावतो, हे मी माझ्या अंगणातून पाहत होतो. सोबत बसून नट सोडायचे पाने हाती देण्यापलीकडे मला काही सुचत नव्हते.

शेवटच्या फेरीला त्यांनी मला बोलावले. मशीन लावल्यावर थोड्याच वेळात वहिनींचा दाब कोसळला आणि ते थांबवावे लागले. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेतले. "आता त्यांना हे झेपत नाही. घरी न्या, आरामात ठेवा." दादांनी एवढेच विचारले, "पुन्हा कधी आणायची?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वॉचमनने न सांगता दगड काढून डिकीत ठेवला.

घाटात इंजिन तापले. दादांनी दगड लावला, फडके ओले केले, वाफ गेल्यावर रेडिएटरचे झाकण उघडले आणि कॅनमधून पाणी ओतू लागले. या वेळी नरसाळे नव्हते, ते घरी राहिले होते. धार भडभड वाजली.

मागून वहिनींचा आवाज आला, "मला पण."

दादांनी माझ्याकडे पाहिले. ती संमतीची मागणी होती, आणि ती देण्याचा अधिकार मला कुठून असणार? मी दरीकडे पाहू लागलो. मान हलवायला हवी होती, एवढे तरी मला करता आले असते, असे आजही वाटते. दादांनी पिण्याच्या पाण्याची बाटली काढली, मागच्या दारात गुडघ्यांवर बसले, वहिनींची मान हातावर घेतली आणि त्यांना हवे तेवढे पाणी पाजले. मध्ये एकदाही थांबवले नाही. वहिनी प्यायल्या, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "गार हाये."

पुढचा रस्ता दादांनी नेहमीसारखाच कापला. खड्डा आला की जवळजवळ थांबत, एक चाक उतरवीत, मग दुसरे. मी एकदा मागे वळून पाहिले. वहिनींच्या अंगावरची गोधडी श्वासाबरोबर हलत नव्हती. मी पुन्हा समोर पाहू लागलो. दादांच्या समोरचा आरसा मागच्या सीटकडे वळवलेला होता, तो पहिल्या दिवसापासूनच तसा होता. त्यात त्यांना सर्व दिसत होते. तरी त्यांनी वेग वाढवला नाही आणि एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही.

दिवस मावळता मावळता आम्ही पोहोचलो. उतारावर नाक खाली करून गाडी उभी राहिली. इंजिन बंद झाले. मी मागचे दार उघडण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा, भाऊसाहेब." ते उतरले, डिकीतून दगड आणला, चाकाखाली सरकवला, टाचेने दणका दिला. एकदा. मग पुन्हा एकदा. मग वाकून दोन्ही हातांनी तो दाबत राहिले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. नेहमीचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

पुढे त्यांची मुलगी येऊन त्यांना शहापूरला घेऊन गेली. गाडी न्यायला कोणी आले नाही आणि ते विकायला तयार झाले नाहीत. निघताना ते माझ्या दारात उभे राहिले. मला वाटले किल्ली देतील. ते म्हणाले, "पावसात खालची माती वाहून जाते. दगडाकडं लक्ष ठेवा."

अँबॅसिडर अजून तिथेच आहे. मागच्या सीटवर वहिनींची गोधडी घडी करून ठेवलेली आहे. काचेवर धूळ बसली आहे, पण कपाळ टेकवले की दिसते. कचेरीला जाताना मी वाकून पाहतो, माती सुटली असेल तर टाचेने दगड घट्ट करतो. आधी दगड. त्यानंतर बाकीचे काय करायचे, हे त्यांनी मला सांगितलेले नाही.