जड पेडल घेऊन कोल्हापूरला

पंचगंगेचा पूल दिसला तेव्हा खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण पुलाच्या अलीकडेच उसाची बैलगाडी आडवी आली. मी गिअर खाली टाकायला गेलो, तर असा कर्रकन आवाज झाला की बैलांनीही माना वळवल्या. गाडी बंद पडली.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची गाडी विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची, माझ्या लग्नाआधीपासूनची. पुण्याहून ती बेळगावच्या एका गृहस्थांना विकायला मी आणि नलिनी, माझी बायको, निघालो होतो. वर्षापूर्वी जिन्यावरून पडून माझा डावा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण तेव्हापासून क्लच दाबताना मांडी भरून यायची आणि गिअर कुरकुरायचे. पुण्यातल्या मिस्त्रीचं निदान असं, की क्लचप्लेट गेली, विलायतेहून मागवा. माझं निदान निराळं होतं : प्लेट कसली, पायच गेला. सायकल भाच्याला देऊन टाकलीच होती. आता गाडी.

बैलगाडीवाला खाली उतरला. "काय झालं वो पावणं?" (इकडे अनोळखी माणसालाही पाहुणाच म्हणतात.) सगळं ऐकून म्हणाला, "उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीकडं जावा. ट्रॅक्टर बघतोय, पर ह्ये बी बघंल की!"

इंजिन बंद असतानाच गिअर टाकून स्टार्टर मारला. गाडी गचका खाऊन निघाली आणि आम्ही कसेबसे पोचलो.

दस्तगीर मिस्त्री साठीचे, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज शेजारच्या ओतशाळेच्या गोंगाटावर मात करणारा. हत्यार उचलण्याआधी त्यांनी प्रश्न विचारला.

"चढाला इंजिन नुसतं वरडतंय आन् गाडी मागं ऱ्हातीया, असं व्हतंय?"

"नाही."

"मग प्लेट जित्ती हाय."

ते स्वतः गाडीत बसले आणि डोळे मिटून दहा-बारा वेळा पेडल दाबलं. मग गाडीखाली शिरता शिरता नलिनीला म्हणाले, "वैनी, तुमी बसा आन् दाबा. मी खालनं बघतो."

नलिनी त्या जागेवर कधी बसली नव्हती. पदर खोचून ती बसली, पेडल दाबलं आणि ओरडलीच, "अगं बाई, केवढं घट्ट हे!"

"निम्मं दाबलं तरी फुडचा दांडा हलत न्हाय," खालून आवाज आला. "पावणं, या बघायला."

मी पोत्यावर आडवा झालो. पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या पिना झिजून बारीक झाल्या होत्या, भोकं लांबट झाली होती. पेडलची निम्मी चाल ती ढिलाई भरून काढण्यातच जात होती. उरलेल्या चालीत क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणून गिअर कुरकुरत. पेडल ज्यात फिरतं त्या बुशला तर कित्येक वर्षं ग्रीस मिळालं नव्हतं. म्हणून ते जड.

"मला वाटलं, माझा पाय..." मी पाय मोडल्याचं सांगितलं.

मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले, "माझं दोन्ही पाय धड हायेत, तरी भरून आलं की वो! तुमचा पाय गेला म्हून कुनी सांगितलं? डाक्टरनं?"

"नाही. मीच ठरवलं."

ते हसले नाहीत. "उद्या लेथवर नव्या पिना काढतो. तवर वाडीला जाऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. कट (वरचा तिखट रस्सा) मी धिटाईनं मागून घेतला आणि नाका-डोळ्यांतून पाणी काढलं. मग एस. टी.नं नृसिंहवाडीला गेलो. दर्शन झालं, द्रोणातून बासुंदी झाली. घाटावर मी नेहमीसारखा वरच बसणार होतो, पण मिस्त्रींचा प्रश्न डोक्यातून जाईना. पायऱ्या उतरलो. संगमाच्या गार पाण्यात पाय बुडवून पुन्हा वर चढलो, तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या. दोन्ही, अगदी सारख्याच.

"काय झालं?" नलिनीनं घाबरून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. हसू मात्र आवरेना.

संध्याकाळी परतलो तेव्हा पिना बसल्या होत्या, बुशला ग्रीस गेलं होतं. मिस्त्री नट फिरवायचे, दोन बोटांनी पेडल हलकेच दाबून बघायचे, पुन्हा नट फिरवायचे. "एवढा खेळ (मोकळी चाल) पायजेच. न्हाय ठेवला तर बेरिंग खाईल, जास्त ठेवला तर पुन्यांदा गिअर वरडंल. बसा आता."

मी बसलो. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि तो पडल्याचं मला ऐकूच आलं नाही. रंकाळ्याला एक पूर्ण चक्कर मारून आलो. मिस्त्रींनी गाडीकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "दुखतोय?"

"नाही."

"मग झालं की!"

सकाळी पोस्टातून बेळगावला तार केली, गाडी विकत नाही, माफी असावी. आणि गाडीचं तोंड पुण्याकडे वळवलं. वाटेत विचार करत होतो, की वर्षभर मी एकेक गोष्ट सोडत गेलो, आणि पायाला एकदाही नीट विचारलं नाही. गाडीखाली शिरून बघणारा माणूस भेटला नसता, तर पुढे आणखी काय काय सोडलं असतं कोण जाणे.

कऱ्हाड मागे पडलं, सरळ मोकळा रस्ता लागला. नलिनी म्हणाली, "थांबवा जरा. मला शिकवा."

आम्ही जागा बदलल्या. तीनदा इंजिन बंद पडलं. चौथ्यांदा तिनं पेडल सावकाश सोडलं आणि गाडी निघाली. ती गिअर बदलायला गेली की माझा डावा पाय आपसूक गाडीच्या तळावर दाबला जाई. तिथं पेडल नव्हतं. तरी दाबत होतो, आणि छान वाटत होतं.