मीटरमधला चोर
रॉकेलचा वास आला की मला मुरुडच्या एका बागायतदाराची सुपारीची वाडी आठवते. साठ सालाच्या आसपास मी त्यांच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. आगरदांड्याच्या धक्क्यावर जाऊन आलो की मीटर भलतेच मैल दाखवायचा. "परस्पर भाडी मारतोस, चोरा!" असं सगळ्या गड्यांसमोर ओरडून त्यांनी मला हाकललं. मी एका गॅरेजात लागलो. दोन वर्षांनी तेच गॅरेजच्या दारात उभे. "आता गाडी मीच चालवतो, तरी मीटर पळतोच. बघतोस का?" मी म्हणालो, "बघतो, पण तुमच्या वाडीत." तिथे गडी जमल्यावरच मी मीटर उघडला, आकड्यांची चाकं रॉकेलने धुतली आणि झिजलेला दात दाखवला. त्याच्यामुळे दहाचं चाक एकदम दोन घरं सरकत होतं. "मालक, हा तुमचा चोर." ते पुटपुटले, "चुकलं माझं." "मोठ्यानं बोला. त्या दिवशी मोठ्यानं बोलला होतात." ते पुन्हा बोलले, तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. मग मी मीटर नीट करून दिला. बायको अजून म्हणते, "म्हाताऱ्या माणसाला इतकं लाजवायचं न्हाय." तिचं खरं असेल, पण तो चिरकलेला आवाज आठवला की मला आजही बरं वाटतं.