जमुनाचं हसू थांबेना

जमुना मासवणजवळच्या एका पाड्यावरची. आई लाडकी आणि बाप जिवल्या पावसाच्या पाण्यावर भात नि नाचणी काढतात. पोरीने मात्र बारावीनंतर डॉक्टरच व्हायचं ठरवलं. नीटच्या प्रवेश परीक्षेला दोनदा मार्क कमी पडले, तेव्हा ती बोईसरच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला लागली. पहाटे अभ्यास, दिवसा पॅकिंग. लाडकीला वाटायचं, गोळ्या तर हातात आल्या, म्हणजे डॉक्टरकी जवळच आली.

तिसऱ्यांदा परीक्षा दिल्यानंतर एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने लॉकरमधून फोन काढला. सरकारी मेडिकल कॉलेजात तिचा नंबर लागला होता. वाचलं आणि तिला हसू फुटलं. हातात भाकरी, डबा उघडा, हसणं काही थांबेना.

शेजारी बसलेली वर्षाराणी घाबरली. "अगं, काय झालं तुला?"

सांगायला तोंड उघडलं की आणखी हसू. कुणीतरी म्हणालं, गॅस लागला असेल. झालं! सुपरवायझर आनंदा धावत आला आणि त्याने नि वर्षाराणीने तिला दंडाला धरून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मेघालीने नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला. "काय होतंय?"

"डॉक्टर," जमुना कशीबशी म्हणाली.

"हो, मी डॉक्टरच. तुला काय होतंय?"

"मी डॉक्टर होतेय."

मेघालीने तिचा फोन बघितला आणि गंभीर चेहऱ्याने आनंदाला सांगितलं, "गॅस नाही हा. हिला घरी सोडा." पुढच्या क्षणी तीही हसत सुटली. वर्षाराणीने तर जमुनाला उचलूनच घेतलं.

संध्याकाळी बातमी तिच्याआधी पाड्यावर पोचली होती. अंगणात कुणी गुडघा घेऊन, कुणी दुखरी दाढ घेऊन हजर. रामाकाकाने लंगडी शेळी आणली होती.

"काका, मी अजून शिकायला पण नाय गेले."

"मंग आता बघून ठेव. शिकून आली का सांग."

तिने खरंच सगळं बघितलं, शेळीसुद्धा. आणि जन्मात कधी शिट्टी न मारलेला जिवल्या शिट्टी मारत पाणी भरत होता.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की आईचा हात मांडीवर घेते आणि चाचपत एकेका हाडाचं नाव सांगते. लाडकीला गुदगुल्या होतात.

"सोड गो, भात लावायचा हाय चुलीवर."

"गप बस आये," जमुना म्हणते, "मनगट अजून राहिलंय."