झाकलेलं ताट

पडद्यावर आईनं मुलाचं ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट उपडं घातलं आणि ती समोर बसून राहिली. मुलगा येत नव्हता. कॅमेराही हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्ही तरी जेवून घ्या," आणि अर्धं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतली एक बाई गर्रकन वळली. "ज्यांना बघायचंय त्यांना बघू द्या."

शेजारी बसलेले आमचे हेही हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. मध्यंतरात म्हणाले, "निघूया का? यात काही घडतच नाहीये."

"मला बसायचंय," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात असं मी क्वचितच म्हटलं असेल. ते बसले, पण सारखे घड्याळ बघत होते.

एकाच चित्रपटात कुणी जांभया देतं, कुणी डोळे पुसतं. मला वाटतं, ज्यांच्यासाठी ताट झाकून ठेवतात त्यांना तो वेळ कधी दिसतच नाही. ते येतात तेव्हा ताट उघडलेलं असतं आणि आमटी पुन्हा गरम केलेली असते.

जिना उतरताना हे म्हणाले, "एका ताटावर पाच मिनिटं घालवली."

"आपल्याकडे दीड तास जातो," मी म्हणाले. "रोज."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून हे तीन वाजता जेवायला आले. त्यांचं ताट झाकलेलं होतं. माझं घासून पालथं घातलेलं होतं.