आबांचा फोटो आणि गॅसबत्तीवाला

पुण्याच्या दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं, ही फ्लॅशची बत्ती कुठल्याही कॅमेऱ्याला चालते. साफ खोटं! निरवांगी गावातल्या लग्नघरी फोटो काढायला पोचल्यावर कळलं, की त्या विलायती बत्तीची तार माझ्या जर्मन कॅमेऱ्याला बसतच नाही. माजघरात अंथरुणाला खिळलेले त्या घरचे म्हातारे आबा फेटा बांधून फोटोची वाट पाहत होते. त्यांना उन्हात आणणं शक्य नव्हतं, आणि त्या बत्तीचा एकदाच पेटणारा बल्ब माझ्याकडे एकच होता. दुकानदाराला शिव्या घालत मी तार पिळत बसलो.

लग्नाच्या मांडवासाठी गॅसबत्त्या दुरुस्त करायला एक माणूस आला होता. काजळीचे हात धोतराला पुसत तो आत आला आणि त्यानं ती तार सरळ काढून टाकली.

"अवो, सोयरीक जमत न्हाय तर वढाताण कशाला? शेजारी म्हणून ऱ्हाऊ द्या दोघांना. अंधारात तुमी भिंग उघडा, मी बत्ती उडवतो, मग तुमी मिटा."

त्यानं दार लावलं. मी भिंग उघडून खेकसलो, "बल्ब वाया गेला तर?"

"तर मला शिव्या द्या. त्यो दुकानदार काय हितं ऐकतोय व्हय?"

अंधारात आबा खो खो हसले आणि त्याच क्षणी त्यानं बत्ती उडवली.

फोटोला बसलेली माणसं तेव्हा काठीसारखी ताठ व्हायची. मीच त्यांना तसं बसवायचो. माझ्याकडच्या फोटोंच्या साऱ्या निगेटिव्ह काचांमध्ये बोळकं उघडून हसणारा म्हातारा तेवढा एकच आहे, आणि तो माझ्यामुळं हसलेला नाही.