साडभाऊंनी आणलेली गाणी

माझे साडभाऊ घराबाहेर पडले की पृथ्वीच्या पोटात कालवाकालव होते, असं आमच्या अख्ख्या गोतावळ्याचं ठाम मत आहे. दुसरबीडजवळच्या गावातलं आपलं खता-बियाण्यांचं दुकान मुलाच्या हवाली करून ते फिरायला लागले आणि ऋतूंची शिस्त बिघडली. केरळात गेले, पूर आला. हिमाचलात गेले, दरड कोसळली. वाळवंटात पाऊस कुठून येणार म्हणून राजस्थान निवडलं, तर तिथे उंटाच्या पोटाला पाणी लागलं. नातेवाईक त्यांना सहलीचा बेत विचारत, तो फक्त विरुद्ध दिशा धरण्यासाठी. साडभाऊ कोकणात निघालेत हे कळताच माझ्या पुतण्याने तिथलं मधुचंद्राचं बुकिंग रद्द केलं, आणि खरंच वादळ आलं. साडभाऊंनी तिथूनच फोन केला, "वाचला की नाही पोरगा माह्यामुळं?"

अडकून पडल्यावर माणूस करणार काय? साडभाऊ गाणी ऐकत. केरळातल्या छावणीतून नावाड्यांचं गाणं आणलं, हिमाचलात रस्ता बंद होऊन थांबलेल्या बसमधून लग्नातलं. अर्थ एकाचाही ठाऊक नाही, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस दावं ओढू लागते. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, म्हणायची, "पूर परवडला." गाण्यामागून व्याख्यान ठरलेलंच, "नदीच्या पोटात हॉटेलं बांधली लेकाच्यांनी. मंग पाणी जाईन कुठं?" आपण सुपारी कातरत मान डोलवायची.

मागच्या भाद्रपदात आम्ही त्यांच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो होतो. पहिली पंगत उठायच्या आत आभाळ फाटलं. घरामागच्या नाल्याचं पाणी अंगणात शिरलं, तशी पुरणपोळ्यांचे डबे डोक्यावर घेऊन सगळी आळी शाळेच्या माडीवर गेली. नाल्यापल्याडच्या बौद्ध वस्तीतली माणसंही भिजत तिथेच आली. त्यांच्यातली एक म्हातारी मांडीवरच्या नातीला थोपटत गात होती,

"नीज माह्या बाई, पाणी दमून गेलं,
रानभर हिंडून थे बी निजलं..."

साडभाऊ सरकत सरकत तिच्याजवळ गेले.

"मावशी, हे गाणं कुठचं हो?"

"कुठचं म्हंजे? नाल्यापल्याडचं."

"मी तर कधी आयकलं नाही."

"तुम्ही कधी आलेच नाही, भाऊ. तुमची भिंत आली तेवढी."

घर अपुरं पडतं म्हणून साडभाऊंनी मागची भिंत नाल्यात सरकवली होती. पाणी तिच्यावर आपटून पल्याड वळलं आणि मावशीचं घर घेऊन गेलं. हे ती रागाने बोलली नाही. नातीला थोपटणं चालूच होतं. देशातल्या प्रत्येक पुराचं कारण सांगणाऱ्या या माणसाला या पुराचं कारण मावशीने सांगितलं. मग त्यांनी डबा उघडून पोळी पुढे केली. मावशीने ती घेतली आणि नातीसाठी पदराआड झाकून ठेवली.

पाणी ओसरल्यावर साडभाऊंनी भिंत पाडायला घेतली. मुलगा कुरकुरला, "सगळ्यांच्याच भित्ती आहेत नाल्यात. आपलीच काऊन?"

"सगळ्यांच्या नद्या पाहून आलो बे," ते म्हणाले, "हा नाला पाह्यचा राह्यला होता."

शेजाऱ्यांच्या भिंती अजून जागच्या जागी आहेत. मावशी मात्र नातीला घेऊन जालन्याला लेकीकडे गेली, ती परतली नाही.

परवा गेलो तेव्हा साडभाऊ नाल्याकडे तोंड करून बसले होते. त्या दोन ओळी हलक्या आवाजात म्हणायचे आणि थांबायचे.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं मावशीले ठाऊक."

"मग जा ना जालन्याला. बस तर दारावरून जाते."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि परत नाल्याकडे तोंड वळवलं.

"जाऊ तर खरं," मग म्हणाले, "पण तिच्यापुढं बसून, गाणं म्हण, असं म्हणू कोणत्या तोंडानं?"