पायरीवरून आलेला साधु

विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला लाखांदूरजवळच्या आमच्या गावचं बुद्धविहार आठवतं. त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला बाबा उभे होते. मतदानाआधीच्या पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून गेलो आणि बाबा नेहमीसारखे पहिल्या रांगेत बसले. वंदना झाली. प्रवचन करता करता भंतेजींनी, म्हणजे विहारातल्या भिक्खूंनी, मध्येच बाबांचं नाव घेतलं. "हा माणूस समाज फोडतो आहे, याला मत देऊ नका." मागून एक बाई आईला हळूच म्हणाली, "काहून वो, उभं राहाच्या आधी भंतेजीले इचारलं नाई का?" प्रवचनात भंतेजींना कुणी उलट बोलत नाही. शाळेत इंग्रजी भाषणांची बक्षिसं मिळवणारी मी खाली मान घालून चटईची काडी सोलत राहिले. शेवटी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी हात जोडून, बोललात ते मान्य आहे अशा अर्थाने, तीनदा 'साधु' म्हटलं. त्यात बाबांचाही आवाज होता. घरी येताना आईने विचारलं, "तुमी कायले साधु म्हनलं?" बाबा म्हणाले, "प्रवचन तं धम्माचंच होतं. मधात माहं नाव आलं, एवढंच." ते निवडणूक हरले आणि ती हार विसरलेही. पण नंतर दर पौर्णिमेला वंदना झाली की प्रवचन सुरू व्हायच्या आधी ते उठायचे, बाहेर पायरीवर चपलांजवळ बसायचे आणि तिथूनच साधु म्हणायचे. आता बाबा नाहीत. परवा त्याच विहारात प्रवचन संपलं तेव्हा मी पायरीकडे पाहत राहिले, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही.